टॉमकॅट सर्व्हरवरील लॉगिंग : मंडळांच्या स्वयंसेवकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधील काही मराठी मंडळांची सभासद-नोंदणी, ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव आणि गणेशोत्सवातील कार्यक्रमांच्या प्रवेशिका आता एकाच सर्व्हरवरून चालतात. हा सर्व्हर अपाची टॉमकॅटवर, म्हणजे जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशने चालवणाऱ्या प्रोग्रामवर, उभा आहे आणि तो सांभाळणारे आम्ही सगळे दिवसभर आपापल्या नोकऱ्या करून संध्याकाळी या कामाला बसतो. अडचण आली की त्या वेळी जो मोकळा असेल तो लक्ष घालतो. ज्याने प्रोग्रामचा तो भाग लिहिला, तो बहुधा तेव्हा प्रवासात असतो किंवा पुण्याला बदलून गेलेला असतो. अशा वेळी लॉग, म्हणजे चालता प्रोग्राम फाइलीत लिहीत जातो त्या नोंदी, हीच त्याने मागे ठेवलेली हकिकत असते, आणि ती दुसऱ्या माणसाला वाचता यावी अशी लिहिलेली व जपलेली असावी, एवढ्याच दृष्टीने पुढील उत्तरे दिली आहेत. ती टॉमकॅट ९ व १० यांना लागू पडतात. जिथे दोन्हींत फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

सर्व्हर बिघडला तर सर्वांत आधी कोणती फाईल उघडावी?

टॉमकॅटच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘लॉग्स’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात एकाच दिवसाच्या चार-पाच फाइली दिसतात. नवीन स्वयंसेवक त्या पाहून गोंधळतो, पण प्रत्येकीचे काम वेगळे आहे. ‘कॅटालिना’ नाव आणि तारीख असलेल्या फाइलीत खुद्द सर्व्हरची हकिकत असते : तो केव्हा सुरू झाला, कोणत्या पोर्टवर ऐकू लागला, कोणते ॲप्लिकेशन चढवायला किती वेळ लागला. ‘लोकलहोस्ट’ नाव आणि तारीख असलेल्या फाइलीत ॲप्लिकेशनच्या हातून निसटलेले अपवाद, म्हणजे कोणीच न पकडलेली एक्सेप्शन्स, येऊन पडतात. ‘लोकलहोस्ट ॲक्सेस लॉग’ ही आलेल्या प्रत्येक विनंतीची आवक-वही आहे. ‘मॅनेजर’ व ‘होस्ट-मॅनेजर’ या फाइली आपल्याकडे बहुतेक रिकाम्याच असतात. राहिली ‘कॅटालिना डॉट आउट’, जिच्या नावात तारीख नसते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

आपल्याकडे सर्वाधिक वेळ वाया गेला आहे तो एका विशिष्ट प्रसंगात. नवीन आवृत्ती चढवली, ॲप्लिकेशन उघडत नाही, आणि कॅटालिना फाइलीत फक्त एवढेच दिसते की एक किंवा अधिक लिसनर (ॲप्लिकेशन सुरू होताना चालणारे कोडचे भाग) सुरू होऊ शकले नाहीत, सविस्तर माहिती संबंधित कंटेनरच्या लॉगमध्ये पाहावी. हा ‘संबंधित कंटेनरचा लॉग’ म्हणजे त्याच दिवसाची लोकलहोस्ट फाईल होय. खरे कारण तिथे पूर्ण स्टॅक ट्रेससह, म्हणजे चूक कोडच्या कोणकोणत्या ओळींतून घडत आली त्या यादीसह, लिहिलेले असते. कॅटालिना फाईल पुन्हापुन्हा चाळत बसून ते सापडणार नाही.

लॉगिंगची मांडणी नेमकी कोठे ठरते?

टॉमकॅटच्या ‘कॉन्फ’ फोल्डरमधील ‘लॉगिंग डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलीत. टॉमकॅट स्वतःसाठी ‘ज्युली’ नावाची लॉगिंग व्यवस्था वापरतो. ती जावामध्ये आवृत्ती १.४ पासून, म्हणजे २००२ पासून, असलेल्या मूळ लॉगिंग सुविधेवरच बेतलेली आहे, परंतु तिच्यात एक महत्त्वाची भर आहे. मूळ सुविधेत संपूर्ण जावा प्रक्रियेसाठी एकच मांडणी असते, तर ज्युलीमध्ये प्रत्येक वेब ॲप्लिकेशनला स्वतःची वेगळी मांडणी ठेवता येते. त्यासाठी ॲप्लिकेशनच्या ‘वेब-इन्फ’मधील ‘क्लासेस’ फोल्डरमध्ये त्याच नावाची फाईल ठेवावी. ग्रंथालयाचा लॉग आणि प्रवेशिकांचा लॉग आपण याच सोयीमुळे वेगळे ठेवू शकलो.

फाईल वाचताना तीन गोष्टी ओळखाव्यात. वरच्या ओळीत हँडलरांची यादी असते, म्हणजे नोंदी कोठे-कोठे जाऊ शकतात त्या ठिकाणांची. त्याखाली प्रत्येक हँडलरचे गुणधर्म असतात : फोल्डर, नावाचा आरंभ, पातळी, किती दिवस ठेवायचे. शेवटी लॉगर असतात, म्हणजे प्रोग्रामच्या कोणत्या भागाची नोंद कोणत्या हँडलरकडे पाठवायची ते. हँडलरच्या नावापुढे ‘१कॅटालिना’, ‘२लोकलहोस्ट’ असे अंक पाहून अनेकांना ती चुकीची छपाई वाटते. तो अंक आवश्यक आहे. एकाच प्रकारचे अनेक हँडलर करायचे असतील तर प्रत्येकाला अंकाने सुरू होणारा आणि टिंबाने संपणारा उपसर्ग लावावा लागतो, आणि पुढे त्या हँडलरचा प्रत्येक गुणधर्म त्याच उपसर्गासह लिहावा लागतो. उपसर्ग एका ठिकाणी विसरला की तो गुणधर्म लागूच होत नाही, आणि त्याबद्दल कोणतीही तक्रारही दिसत नाही.

एक नियम इथेच सांगतो, कारण तो सहज लक्षात येत नाही. एखाद्या लॉगरला स्वतःचे हँडलर दिले, तर त्याच्या नोंदी वरच्या, म्हणजे पालक लॉगरच्या हँडलरांकडे आपोआप जात नाहीत. दोन्हीकडे हव्या असतील तर त्या लॉगरसाठी ‘यूज पॅरेंट हँडलर्स’ हा गुणधर्म ‘ट्रू’ करावा.

मी पातळी ‘फाइन’ केली, तरी नोंदी दिसत नाहीत. असे का?

जवळजवळ प्रत्येक नवीन स्वयंसेवक हा प्रश्न पहिल्या महिन्यात विचारतो. पातळ्या सात आहेत. सर्वांत गंभीर ‘सिव्हिअर’, मग ‘वॉर्निंग’, ‘इन्फो’, ‘कॉन्फिग’, ‘फाइन’, ‘फायनर’ आणि सर्वांत बारीक ‘फायनेस्ट’. नोंद फाइलीपर्यंत पोहोचण्याआधी तिला दोन चाळण्यांतून जावे लागते. पहिली चाळणी लॉगरची आणि दुसरी हँडलरची. लॉगरची पातळी ‘फाइन’ केली आणि हँडलरची ‘इन्फो’च राहिली, तर बारीक नोंद पहिल्या चाळणीतून खाली पडते आणि दुसरीवर अडते. दोन्ही ठिकाणच्या ओळी तपासाव्यात, फाईल जतन करावी आणि सर्व्हर रिस्टार्ट करावा, कारण ही फाईल सुरू होतानाच वाचली जाते.

आमचे मत असे आहे की हँडलर मोकळा ठेवावा आणि आवर लॉगरवर घालावा. तसे केले की एखाद्याच पॅकेजची पातळी तपासापुरती उतरवता येते आणि बाकीचा सर्व्हर शांत राहतो. मूळ लॉगरची, म्हणजे सगळ्यांच्या वर असलेल्या बिननावाच्या लॉगरची पातळी उतरवणे हा उपाय कधीही करू नये. त्याचे कारण पुढच्याच उत्तरात आहे.

‘कॅटालिना डॉट आउट’ ही फाईल एवढी मोठी का होते, आणि ती पुसूनही डिस्कवर जागा का मोकळी होत नाही?

हे आमच्याकडे प्रत्यक्ष घडलेले आहे. गणेशोत्सवातील नाट्यप्रयोगाच्या प्रवेशिका सायंकाळी सात वाजता खुल्या होणार होत्या. त्याच्या दोन दिवस आधी एका किरकोळ चुकीचा माग काढण्यासाठी मी मूळ लॉगरची पातळी ‘फायनेस्ट’ केली होती आणि ती परत वर न्यायचे राहून गेले. साडेसहाला डिस्क शंभर टक्के भरली. डेटाबेस त्याच डिस्कवर असल्यामुळे तोही लिहायचा थांबला. मी घाईने ती प्रचंड फाईल पुसून टाकली, फोल्डरमध्ये ती दिसेनाशी झाली, तरी डिस्क भरलेलीच होती. रामबागेतील कार्यालयात रांगेत उभ्या असलेल्या सभासदांना त्या संध्याकाळी प्रवेशिका हाताने लिहून द्याव्या लागल्या.

कारण असे. ही फाईल टॉमकॅटचे हँडलर लिहीत नाहीत. सर्व्हर सुरू करणारी स्क्रिप्ट प्रक्रियेचे कन्सोलवरील सारे बोलणे, म्हणजे सामान्य आउटपुट आणि एरर आउटपुट दोन्ही, या फाइलीकडे वळवते. त्यामुळे टॉमकॅट तिची तारीखवार विभागणी करत नाही आणि ती वाढतच राहते. चालू प्रक्रियेने उघडून धरलेली फाईल लिनक्समध्ये पुसली, तर फक्त तिचे नाव फोल्डरमधून जाते. ती प्रक्रिया फाईल सोडेपर्यंत जागा अडकलेलीच राहते. अशा वेळी फोल्डरांची बेरीज दाखवणारी ‘डीयू’ आणि डिस्कची शिल्लक दाखवणारी ‘डीएफ’ या दोन आज्ञांची उत्तरे जुळत नाहीत, आणि ती तफावत हीच या दुखण्याची खूण आहे. फाईल पुसण्याऐवजी जागच्या जागी रिकामी करावी, म्हणजे तिचा आकार शून्यावर आणावा. जागा तत्काळ मोकळी होते आणि प्रक्रियाही थांबवावी लागत नाही.

कायमचा बंदोबस्त तीन ठिकाणी करावा लागतो. पहिला, मूळ मांडणीत मूळ लॉगरकडे येणारी प्रत्येक नोंद फाइलीतही जाते आणि कन्सोलवरही जाते, म्हणजे तीच नोंद दोनदा साठते. प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर कन्सोल हँडलर यादीतून काढून टाकावा. दुसरा, ॲप्लिकेशनमध्ये कोणी थेट कन्सोलवर छापत असेल तर ते आधी बंद करावे. ते लगेच शक्य नसेल, तर ‘कॉन्टेक्स्ट’मधील, म्हणजे टॉमकॅटमध्ये त्या ॲप्लिकेशनसाठी केलेल्या मांडणीतील, ‘स्वॅलो आउटपुट’ हा गुणधर्म ‘ट्रू’ करावा, म्हणजे ते छापील बोलणे लॉगरमार्फत तारखेच्या फाइलीत जाते. तिसरा, ‘लॉगरोटेट’ला, म्हणजे लॉग-फाइली ठरावीक काळाने बदलणाऱ्या लिनक्समधील साधनाला, ही फाईल सोपवावी आणि त्यात ‘कॉपी-ट्रंकेट’ हा पर्याय द्यावा. नुसते नाव बदलून उपयोग नाही, कारण प्रक्रिया जुन्याच फाइलीत लिहीत राहते. ‘कॉपी-ट्रंकेट’मध्ये प्रत घेणे आणि मूळ फाईल रिकामी करणे यांच्या मधल्या क्षणी आलेल्या काही ओळी हरवू शकतात. कन्सोल हँडलर आधीच काढलेला असेल तर या फाइलीत महत्त्वाचे फारसे उरत नाही, म्हणून हा धोका आम्ही स्वीकारला आहे. जे सर्व्हर ‘सिस्टिमडी’खाली (लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेखाली) अग्रभागी चालवतात, त्यांचे हे सारे बोलणे सिस्टिमच्या जर्नलमध्ये जाते, आणि मग त्याची मर्यादा जर्नलच्या मांडणीत ठरवावी लागते.

ॲक्सेस लॉगमधील ओळ कशी वाचावी?

ही फाईल ‘लॉगिंग डॉट प्रॉपर्टीज’मध्ये ठरत नाही. ती ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’मधील ‘ॲक्सेस लॉग व्हॉल्व्ह’मध्ये ठरते (व्हॉल्व्ह म्हणजे येणाऱ्या प्रत्येक विनंतीवर वाटेत काम करणारा टॉमकॅटचा भाग). नेहमीच्या साच्यात ओळीच्या आरंभी विनंती करणाऱ्याचा पत्ता असतो, मग एक आडवी रेघ (हे स्थान व्यवहारात नेहमी रिकामे असते), मग लॉगिन केलेल्या सभासदाचे नाव किंवा पुन्हा रेघ, मग चौकटी कंसात तारीख-वेळ, मग अवतरणचिन्हात विनंतीची पहिली ओळ, नंतर २०० किंवा ४०४ असा उत्तराचा क्रमांक, आणि शेवटी पाठवलेले बाइट.

या साच्यात लागलेला वेळ नसतो आणि आमच्या मते ती मोठी उणीव आहे. टक्केचिन्हापुढे मोठा ‘डी’ लिहिला की प्रत्येक विनंतीला लागलेला वेळ ओळीच्या शेवटी येतो. इथे आवृत्तींचा फरक फार जपून पाहावा. टॉमकॅट ९ पर्यंत हा आकडा मिलिसेकंदांत असतो आणि १० पासून मायक्रोसेकंदांत. ९ वरून १० वर गेल्यावर ग्रंथालयाचे पान अचानक हजारपट सावकाश झाल्यासारखे वाटले, तर आधी हे तपासावे.

सगळ्या विनंत्या एकाच पत्त्यावरून आल्यासारख्या का दिसतात?

आपल्या टॉमकॅटच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी म्हणून, म्हणजे विनंत्या आधी स्वतः घेऊन पुढे पाठवणारा मध्यस्थ म्हणून, उभा आहे. टॉमकॅटच्या दृष्टीने विनंती आणणारा तोच. मूळ पत्ता प्रॉक्सीने हेडरमधून पुढे पाठवावा लागतो आणि टॉमकॅटमध्ये ‘रिमोट आयपी व्हॉल्व्ह’ लावावा लागतो. एवढे करूनही ॲक्सेस लॉगमध्ये जुनाच पत्ता येत राहतो, कारण ॲक्सेस लॉग व्हॉल्व्हवर ‘रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट्स एनेबल्ड’ हा गुणधर्म वेगळा ‘ट्रू’ करावा लागतो. ही दुसरी पायरी जवळजवळ सगळेच विसरतात.

पान उघडले तरी ॲक्सेस लॉगमध्ये ओळ लगेच येत नाही. विनंती पोहोचली नाही असे समजावे का?

नाही. ॲक्सेस लॉग आधी मेमरीत साठतो आणि काही सेकंदांनी फाइलीत उतरतो. चाचणीपुरता ‘बफर्ड’ हा गुणधर्म ‘फॉल्स’ करावा, काम झाले की पूर्ववत करावा.

सभासदांची मराठी नावे लॉगमध्ये प्रश्नचिन्हे होऊन का येतात?

आधी काय दिसते ते नीट पाहावे, कारण दोन वेगळे बिघाड सारखेच वाटतात. नावाच्या जागी केवळ प्रश्नचिन्हांची रांग असेल, तर लिहितानाच अक्षरे गेली आहेत. ती फाइलीत नाहीत आणि कोणत्याही उपायाने परत येणार नाहीत. याउलट, वर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्या शेजारी वर्तुळाला चार पाय फुटल्यासारखे चलनाचे चिन्ह अशी जोडी पुन्हापुन्हा दिसत असेल, तर फाईल शाबूत आहे. ती यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली आहे आणि आपला टर्मिनल किंवा एडिटर ती दुसऱ्याच संकेतात वाचत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात आणि पहिला बाइट नेहमी तोच असतो, म्हणून ते ‘ए’ रांगेने उभे राहतात.

पहिल्या बिघाडावर उपाय म्हणजे प्रत्येक हँडलरच्या गुणधर्मांत ‘एन्कोडिंग’ची ओळ असावी आणि तिथे यूटीएफ-८ लिहिलेले असावे. जावा १८ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, जावाचा मूळ संकेतच यूटीएफ-८ झाला आहे. तरीही ही ओळ आम्ही उघडपणे लिहितो. मंडळाचे काही संगणक अजून जुन्या जावावर आहेत, आणि नवीन जावातही कन्सोलचा संकेत ऑपरेटिंग सिस्टिमवरून ठरतो.

ॲक्सेस लॉगची गोष्ट वेगळी आहे. पत्त्यातील मराठी अक्षरे ब्राउझर टक्केचिन्हांच्या रूपात पाठवतो आणि लॉगमध्ये ती तशीच राहतात. ‘ळ’ हे अक्षर तिथे टक्के-ई-शून्य, टक्के-ए-चार, टक्के-बी-तीन असे दिसते. इंदूरमध्ये ‘ळ’ हे अक्षर आपण घरात बोलतो आणि बाहेर हिंदीत बोलताना ते बाजूला ठेवतो. त्याचे हे तीन तुकडे मला पाठ झाले आहेत, कारण ग्रंथालयाच्या शोधपेटीत ‘मराठी बाळगाणी’, ‘टिळक’ आणि ‘माळवा’ हे शब्द सतत येतात. त्या तुकड्यांवरून कोणता शोध अयशस्वी झाला ते ओळीवर नजर टाकताच कळते.

लॉगमधील संदेश मराठीत लिहावेत की इंग्रजीत?

आपल्या कोडमधील संदेश मराठीत लिहिण्यास हरकत नाही, आणि रात्री अकरा वाजता ते वाचणारा स्वयंसेवक मराठीच असेल तर ते चांगलेच. परंतु प्रत्येक संदेशाच्या आरंभी ठरलेला, कधीही न बदलणारा क्रमांक असावा आणि शोध त्या क्रमांकाने घ्यावा. शब्दांवर शोध घेतला की मराठी लेखनातील भिन्नता आड येते. एकाने ‘देवघेव’ लिहिले असते, दुसऱ्याने ‘देवाणघेवाण’. याहून अवघड प्रसंग ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ या शब्दांतील अर्ध्या र-चा. हा र दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र वर्णचिन्ह असते, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण शोध एकाचा घेतला तर दुसरा सापडत नाही. आमच्या दोन स्वयंसेवकांचे कीबोर्ड वेगळे होते, आणि ‘दुसऱ्या प्रयत्नात यश’ या संदेशांची मोजणी कित्येक आठवडे निम्मीच येत होती.

चांगली नोंद कशी असते?

‘एरर आली’ ही नोंद नसल्यासारखीच आहे. कोणाचे, कोणते काम, कोठपर्यंत आले आणि कशामुळे थांबले, हे चारही एका ओळीत आले पाहिजे. पुस्तक परत घेताना गडबड झाली तर देवघेवीचा क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, कोणती पायरी चालू होती आणि पकडलेले एक्सेप्शन, हे सगळे लिहावे. एक्सेप्शनचा केवळ संदेश लिहू नये, ते संपूर्ण लॉगरच्या हाती द्यावे. संदेश पुष्कळदा रिकामा असतो, आणि मग ओळीच्या शेवटी ‘नल’ एवढेच उरते. लांबलचक स्टॅक ट्रेस आला तर घाबरू नये. ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी सर्वांत खालची ओळ शोधावी, मूळ कारण बहुतेक तिथे असते.

कधीकधी तीच चूक हजारो वेळा होते आणि काही काळाने स्टॅक ट्रेसच नाहीसा होतो, नुसते एक्सेप्शनचे नाव राहते. लॉगिंगची मांडणी बिघडली असे समजून ती बदलू नये. जावाचे हॉटस्पॉट यंत्र वारंवार येणाऱ्या काही ठरावीक एक्सेप्शनांचे ट्रेस वेग वाढवण्यासाठी गाळते. त्याच दिवसाच्या फाइलीत वर जाऊन त्या एक्सेप्शनची पहिली नोंद शोधावी. तिथे ट्रेस पूर्ण असतो. तीही फाईल हाताशी नसेल, तर जावा सुरू करताना ‘ओमिट स्टॅक ट्रेस इन फास्ट थ्रो’ हा पर्याय बंद करून ठेवता येतो.

लॉगमध्ये काय लिहू नये?

पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक, सेशनचा क्रमांक आणि पूर्ण मोबाइल क्रमांक. सभासद ओळखण्यासाठी सभासद क्रमांक पुरेसा आहे, आणि मोबाइल लागलाच तर शेवटचे चार अंक लिहावेत. ज्येष्ठ सभासदांनी विश्वासाने दिलेली माहिती आपल्या तपासाच्या सोयीसाठी साध्या मजकूर फाइलीत पडून राहणे योग्य नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आल्यापासून ही केवळ शिष्टाचाराची बाब राहिलेली नाही.

ही माहिती न लिहिताही लॉगमध्ये शिरते. विनंतीची पहिली ओळ ॲक्सेस लॉगमध्ये जाते आणि तिच्यात प्रश्नचिन्हापुढील सारा मजकूर येतो. फॉर्म ‘गेट’ पद्धतीने पाठवला असेल तर त्यातील मोबाइल क्रमांक थेट तिथे उमटतो. असे फॉर्म ‘पोस्ट’ने पाठवावेत. तसेच वापरकर्त्याने भरलेला मजकूर नोंदीत घेण्याआधी त्यातील नवीन-ओळीची चिन्हे काढून टाकावीत, नाहीतर कोणीही नावाच्या रकान्यात ओळ तोडून खोटी नोंद घुसवू शकतो. टॉमकॅटच्या स्क्रिप्टमध्ये ‘यूमास्क’चे मूल्य ००२७ असते, त्यामुळे इतर वापरकर्त्यांना लॉग वाचता येत नाहीत. वाचायला सोपे जावे म्हणून हे मूल्य सैल करू नये, त्याऐवजी स्वयंसेवकाला योग्य गटात घालावे.

लॉग किती दिवस ठेवावेत?

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली निर्देश काढले. त्यांत सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कॉर्पोरेट संस्था व शासकीय संस्थांनी आपल्या सर्व प्रणालींचे लॉग मागील १८० दिवसांचे, आणि भारताच्या अधिकारक्षेत्रात, सांभाळावेत असे सांगितले आहे. मंडळाच्या कार्यकारिणीने तोच कालावधी स्वीकारला आहे. टॉमकॅटच्या मूळ मांडणीत मात्र हँडलरांचा ‘मॅक्स डेज’ हा गुणधर्म ९० असतो, म्हणजे ही मांडणी तशीच ठेवली तर लॉगची फाईल निम्म्या मुदतीतच पुसली जाते. आपण तो २०० केला आहे. ॲक्सेस लॉगचा स्वतंत्र ‘मॅक्स डेज’ व्हॉल्व्हवर असतो आणि तो न दिल्यास फाइली कधीच पुसल्या जात नाहीत, म्हणून तिथेही हाच आकडा लिहावा.

याच निर्देशांत घड्याळाबद्दलही सांगितले आहे : राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, आपले घड्याळ जुळवावे. यात व्यवहाराची मोठी सोय आहे. प्रॉक्सी, टॉमकॅट आणि डेटाबेस यांची घड्याळे अर्ध्या मिनिटानेही वेगळी असली, तर एका सभासदाची तक्रार तिन्ही लॉगमधून जुळवता येत नाही. भाड्याचे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर लावलेले येतात. तिथे रात्री साडेआठची तक्रार दुपारी तीनच्या नोंदींत शोधावी लागते.

टॉमकॅटचे लॉगिंग असताना ॲप्लिकेशनमध्ये लॉगफोरजे किंवा लॉगबॅक या वेगळ्या लॉगिंग लायब्ररी कशाला?

ज्युली टॉमकॅटच्या स्वतःच्या नोंदींसाठी उत्तम आहे. ॲप्लिकेशनला जास्त गोष्टी लागतात : एका विनंतीच्या सगळ्या नोंदींवर तोच क्रमांक आपोआप यावा, आकारानुसार फाईल बदलावी, नोंद जेसनच्या स्वरूपात मिळावी. आपण कोडमध्ये एसएलएफफोरजेचा मुखवटा ठेवतो, म्हणजे कोड न बदलता मागची लॉगिंग लायब्ररी बदलता येते, आणि त्यामागे लॉगबॅक.

जे लॉगफोरजे वापरतात त्यांनी आवृत्ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या दुसऱ्या पिढीत ‘लॉगफोरशेल’ नावाने ओळखली जाणारी त्रुटी उघड झाली. नोंदवल्या जाणाऱ्या मजकुरातच विशिष्ट रचना पेरली, तर लॉगिंग लायब्ररी ती समजून घेण्यासाठी बाहेरच्या सर्व्हरकडे जाई आणि तिथला प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालू शके. म्हणजे शोधपेटीत एक ओळ टाकणे पुरेसे होते. तिला गंभीरतेच्या मापावर १० पैकी १० गुण मिळाले. पहिली दुरुस्ती २.१५.० मध्ये आली, पण ती अपुरी ठरली, आणि जावा ८ वरील मालिका २.१७.१ पर्यंत न्यावी लागली. मूळ मांडणीतील टॉमकॅट लॉगफोरजे वापरत नाही, त्यामुळे धोका असतो तो ॲप्लिकेशनने सोबत आणलेल्या लायब्ररीचा. ‘वेब-इन्फ’मधील ‘लिब’ फोल्डर स्वतः उघडून पाहावा. लॉगफोरजेची पहिली पिढीही तिथे सापडेल. तिची देखभाल २०१५ मध्येच संपली आहे.

फार गर्दीच्या वेळी नोंदी गळतात का?

गळू शकतात. टॉमकॅटचा असिंक्रोनस हँडलर नोंदी रांगेत घेतो आणि वेगळ्या थ्रेडने लिहितो. ही रांग १०,००० नोंदींची असते, आणि ती भरली की मूळ मांडणीत काही नोंदी टाकून दिल्या जातात, म्हणजे सभासदाची विनंती अडत नाही. आम्ही हे तसेच ठेवले आहे. रांग भरत असेल तर आपण नको तितके लिहीत आहोत, असे समजून लॉगरच्या पातळ्या तपासाव्यात.

बदल केल्यानंतर तो लागू झाला हे कसे तपासावे?

जुन्या फाइलीची प्रत तारखेसह बाजूला ठेवून सर्व्हर रिस्टार्ट करावा. कॅटालिना व लोकलहोस्ट या दोन्ही फाइलींत रिस्टार्टच्या वेळेनंतरच्या नोंदी आल्या का ते पाहावे. मग चाचणीच्या सभासदाने लॉगिन करून ‘माळवा’ हा शब्द शोधावा, आणि ॲक्सेस लॉगमध्ये खरा पत्ता, लागलेला वेळ व ‘ळ’चे ते तीन तुकडे दिसतात का ते तपासावे. चाचणी-सभासदाचे नाव आम्ही मुद्दाम ‘ऱ्हस्वदीर्घ चाचणीवाला’ असे ठेवले आहे. ते ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये अक्षरशः तसेच उमटले पाहिजे. पातळी तपासापुरती उतरवली असेल, तर ती परत वर नेण्याची तारीख, वेळ आणि जबाबदार स्वयंसेवकाचे नाव त्याच ओळीच्या वर टिप्पणी म्हणून लिहावे. प्रवेशिका खुल्या होण्याच्या आदल्या दिवशी दोन स्वयंसेवक ही फाईल एकत्र बसून वाचतात, आणि त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही.